'नंतर' म्हणजे कधी?

माझी पुतणी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलची स्क्रीन माणसाला सहज वापरता यावी म्हणून तिची मांडणी कशी करावी, हा गेल्या सत्रात तिचा एक विषय होता. ज्येष्ठांना औषधाची आठवण करून देणारे ॲप रचणे हे त्यातील प्रात्यक्षिक. एका रविवारी ती कागदावर पेन्सिलीने काढलेल्या स्क्रीन घेऊन आमच्याकडे आली. आधी कागदावर चाचणी, मग संगणकावर काम, अशी या विषयाची रीत आहे; पेन्सिल खोडायला खर्च येत नाही.

चाचणीसाठी तिने निवडले माझ्या आईला. वय ८१, मधुमेह, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली.

"आजी, सकाळचे आठ वाजलेत आणि फोन वाजतोय. आता काय करशील?"

कागदावर दोन बटणे होती: 'घेतली' आणि 'नंतर'. आईने 'नंतर'वर बोट ठेवले. मला राहवले नाही. "अगं आई, ते नव्हे!"

पुतणीने मला गप्प केले. "काका, मदत करायची नाही. वापरणारा चुकला तर ती चूक स्क्रीनची, असं शिकवतात आम्हाला." मग तिने आजीला विचारले, "हेच का दाबलंस?"

"यानंच बजावलंय ना, ही गोळी न्याहारीनंतर घ्यायची म्हणून!"

पुतणीने तिथल्या तिथे बटणे खोडून मोठी काढली आणि लिहिले, 'गोळी घेतली' आणि 'दहा मिनिटांनी पुन्हा आठवण कर'. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका बोट तिथे नेमके पोहोचायला वेळ लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडले होते, असे तिने मला समजावले. मीही थोडी भर घातली. वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होते, त्यामुळे निळ्या-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बोटांची त्वचा कोरडी पडली की स्क्रीन स्पर्श ओळखत नाही. ही माहिती मला तीस वर्षे होती. तिचा उपयोग मी केला नव्हता.

त्या रात्री मला एक जुन्या रुग्ण आठवल्या. संधिवातासाठी तज्ज्ञांनी त्यांना मेथोट्रेक्सेट दिले होते, आठवड्यातून एकदाच घ्यायचे. मी ते माझ्या चिठ्ठीवर रोजच्या तीन औषधांखाली उतरवले, समोर तसेच १-०-० लिहिले आणि 'आठवड्यातून एकदा' हे शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत. बाईंनी ते नऊ दिवस रोज घेतले. तोंडात व्रण आले, रक्तपेशी घटल्या, रुग्णालयात ठेवावे लागले. त्या वाचल्या. माझ्या नोंदवहीत मात्र शेरा होता, 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.' चिठ्ठी कशी दिसत होती, हे पुन्हा पाहण्याचे मला सुचलेही नव्हते.

आता असे औषध मी वेगळ्या कागदावर 'फक्त सोमवारी' असे ठळक लिहितो. आणि उठण्यापूर्वी रुग्णाला विचारतो, "घरी गेल्यावर कसं घ्याल, मला दाखवा पाहू." दोन मिनिटे अधिक जातात, बाहेरची रांग कुरकुरते.

परवा एक आजोबा आले होते. मी विचारताच शेजारी बसलेला मुलगाच उत्तर देऊ लागला. मी त्याला हातानेच थांबवले आणि गोळ्यांची डबी आजोबांपुढे सरकवली. त्यांनी बराच वेळ घेतला, आणि रात्रीची गोळी सकाळच्या खणात ठेवली.