तीनावर चाललेली गाडी

चार ठोक्यांच्या लयीतून एक ठोका निसटला, की उरलेल्या तिघांच्या मध्ये जी पोकळी राहते ती ऐकू येते, असं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण ज्यांच्या दारात कधीकाळी जुनी पद्मिनी उभी असे त्यांना ती ऐकू येते, अजूनही, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाडीतसुद्धा. मिसिंग मारतेय, असं आपण मनात म्हणतो, आणि गाडी वळणाआड गेली तरी कान तिच्या मागे लंगडत राहतो.

साताऱ्यात पावसाळ्यात आमची पद्मिनी सकाळी हटून बसे. अण्णा चोक ओढत, सेल्फ मारत, आणि मग थांबून ऐकत. नुसतं 'टक्' झालं तर बॅटरी, नाहीतर तिच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असं झालं की ते बॉनेट उघडून वाकत. पेट्रोलचा वास आला तर करंट पोहोचत नाहीये. वास नाही तर पेट्रोलच चढत नाहीये. निदान नाकानं व्हायचं. चोकचा मोह झालेल्या सकाळी मात्र तो वास घरभर येई, प्लग भिजलेले असत, आणि आई खिडकी लावून घेई.

कशीबशी चालू झाली तरी ती पोकळी असायचीच. मग मिस्त्रीकाका येत. एक-तीन-चार-दोन, हा तिच्या ठिणग्यांचा क्रम मला पाढ्यांसारखा पाठ झाला तो त्यांच्यामुळे. चालत्या इंजिनावर जाड फडकं धरून ते एकेका प्लगची वायर उपसत. जी काढल्यावर आवाज ढासळे तिचा सिलिंडर कामाचा. आणि जी काढूनही इंजिनाला काहीच वाटत नसे, तो झोपलेला. आपण गेल्याचं इतरांना जाणवूच नये! त्या सिलिंडरचं मला फार वाईट वाटे.

"अण्णा, तीनावर चाललीया," काका सांगत, आणि प्लग खोलून उजेडाकडे धरत. कॉफीच्या रंगाचा असेल तर प्रकृती ठणठणीत. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट ओला असेल तर रिंगांकडे संशय. पॉइंट घासला जाई, फिलर लावून त्याची अर्धा मिलिमीटरही नसलेली फट जुळवली जाई, कधी कंडेन्सर बदलला जाई.

पण मला आठवते ती संध्याकाळ. प्लग चांगला, पॉइंट चांगला, तरी ठोका हरवलेलाच. काकांनी अण्णांना गॅरेजमधला दिवा घालवायला सांगितला. बाहेर झड लागलेली, आत काळोख, चालतं इंजिन, आणि त्या काळोखात वायरींवरून, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवरून निळ्या बारीक रेषा सळसळत होत्या, उमटत होत्या, विझत होत्या. ओलीतून करंट वाट चुकत होता. प्लगपर्यंत पोहोचायचं ते तेज वाटेतच सांडत होतं. दुखणं इतकं सुंदर दिसावं? कुणीच बोललं नाही, आणि दिवा लावायची घाई कुणालाच नव्हती.

हल्लीच्या गाडीत पिवळा दिवा लागतो. यंत्र जोडलं की पडद्यावर 'पी ०३०३' उमटतं, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकतोय. मी त्याला नावं ठेवणार नाही. फिरत्या क्रँकची गती क्षणभर मंदावली, हे पकडूनच तो संगणक बोलतो, म्हणजे तोही पोकळीच मोजतो. फक्त ते ऐकणं आता आपल्या वाट्याला येत नाही. नोंदणीची २० वर्षं भरली म्हणून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

तरी कुणाच्या दारात अजून एखादी असेल, आणि भर पावसात ती तीनावर चालू लागली, तर बॅटरीला बोल लावू नका. इंजिन बंद करा, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, वायरीही पुसा, आणि मग सेल्फ मारा.