मामाचा तलाव आणि माझी बाटली

माझ्या मामाचे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. तिथे मोठा तलाव आहे. त्याला मामा तलाव म्हणतात. मला वाटायचे माझ्या मामाचा आहे म्हणून! मामा खूप हसला. म्हणाला, "अरे, माजी मालगुजारी, म्हणून मामा." असे तलाव जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधले.

मामा ढिवर आहे. त्याच्या लहानपणी तलावात मरळ, मागूर पुष्कळ होते. मग बाहेरून रोहू-कटल्याचे बी आणून सोडू लागले, आणि काठाने बेशरम माजली. आपल्या नाल्यावर आहे ना, तीच. पाण्यातल्या वनस्पती गेल्या. मग गावठी मासळीने खावे काय आणि अंडी घालावी कुठे? त्या तालुक्यात श्री. पतिराम तुमसरे व श्री. मनीष राजनकर यांनी ढिवर लोकांना घेऊन तलाव सुधारायचे काम सुरू केले. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात मीही बेशरम उपटली. नुसती तोडून चालत नाही, पुन्हा फुटते. मुळासकट काढावी लागते. तिचा चीक हाताला लागतो. मामी आणि बाया माझ्यापेक्षा लवकर काढत होत्या. मग नांगरतात. पाऊस पडून चिखल झाला की दुसऱ्या तलावातून चिला, देवधान आणून लावतात.

पोळ्याला आम्ही पुन्हा गेलो. पाण्यावर लाल लाल पिल्लांचा थवा दिसला. मरळीची पिल्ले! मी बाटलीत बारा धरली. शाळेत दाखवायची होती. मामा म्हणाला, "पोट्ट्या, खाली त्याहिचे मायबाप राखणीले आहेत. सोडून दे." मी हो म्हटले, आणि बाटली पिशवीत लपवली.

मरळ वर येऊन हवा घेते, हे मला माहीत नव्हते. मी झाकण घट्ट लावले होते. गोंदियाला गाडी बदलताना पाहिले, तर सगळी उलटी झाली होती. मी बाटली स्टेशनच्या नळाजवळ रिकामी केली. आईने विचारले, काय सांडलं रे? मी म्हटले, पाणी.

आई पालकसभेला येईल तेव्हा हे वाचेल. मामाला मी उन्हाळ्यात सांगणार आहे, बेशरम उपटताना.