ईदच्या दस्तरख्वानावर गरम पनीर

रमजान ईदच्या सकाळी घरातले पुरुष आणि मुले ईदगाहकडे निघतात आणि आम्ही बायका स्वयंपाकघराकडे. ते नमाज पढून, गळाभेटी घेऊन परततात तोवर शिरखुर्म्याला उकळी आलेली असते आणि बिर्याणीचा मसाला परतून झालेला असतो. मग पाहुणे येऊ लागतात. येतात, बसतात, खातात, दुआ देऊन जातात. रात्री कोणी विचारले की आज कोण कोण आले होते, तर आम्हाला चेहरे कमी आणि धुतलेल्या वाट्या जास्त आठवतात.

आम्ही म्हणजे घरातल्या तिघी: सासूबाई, ज्यांना सगळे घर अम्मी म्हणते, धाकटी जाऊ आणि शाळेत उर्दू व मराठी शिकवणारी ही लेखिका. आम्ही मिरजेत राहतो. आमच्याकडे ईदचा पहिला दिवस नातेवाइकांचा आणि दुसरा दिवस, म्हणजे बासी ईद, शेजारपाजाऱ्यांचा आणि शाळेतल्या सहकाऱ्यांचा. या दुसऱ्या दिवसासाठी आम्ही एक पदार्थ बसवला आहे. तो सोपा आहे, दिसायला देखणा आहे आणि गरमागरम खायचा आहे. मात्र त्याची कृती सांगण्याआधी त्याची गरज का पडली ते सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

बासी ईदला येणाऱ्यांत निम्मे लोक मांसाहार न करणारे. काही जण अंडेही खात नाहीत. ते प्रेमाने येतात, पण घरात बिर्याणीचा घमघमाट असतो आणि त्यांच्या मनात एक प्रश्न असतो, जो ते सभ्यतेने विचारत नाहीत. मग म्हणतात, "आम्हाला फक्त शिरखुर्मा द्या." त्यात कोणाला मधुमेह असतो, तर कोणी सकाळपासून चार घरी शिरखुर्मा घेऊन आलेला असतो. मग "फक्त पाणी द्या" यावर गोष्ट येते. वेफर्स आणि फरसाण ताटलीत घालून ठेवता येते, पण ते कोणत्याही घरी कोणत्याही दिवशी मिळते. ईदला आलेल्या माणसासमोर आपल्या हाताने केलेले, त्याला निर्धास्तपणे खाता येईल असे काहीतरी असावे, असे आम्हाला वाटत राहिले.

हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्यांनी वेळ न लावता भाजलेले वासरू पाहुण्यांसमोर आणून ठेवले. पाहुणे फरिश्ते होते. त्यांचे हात अन्नाकडे जात नव्हते, आणि ही गोष्ट इब्राहीम (अ.) यांच्या लगेच लक्षात आली. हा प्रसंग वाचताना आम्हाला यजमानाचे हे लक्ष फार मोलाचे वाटते. पाहुण्याचा हात पुढे येतो की नाही, हे पाहायला यजमान समोर असावा लागतो. जो सारा वेळ चुलीपाशी आहे, त्याला ते दिसणार कसे?

म्हणून आम्ही पनीरकडे वळलो. सांगली-कोल्हापूर हा दुधाचा मुलूख आहे, म्हशीचे ताजे दूध दारात मिळते. आणि पनीर आपल्याला परके नाही. पनीर हा शब्दच मुळात फारसी आहे. तुर्कीत तोच शब्द पेयनीर होतो. मराठीत आपण पनीर वेगळे आणि चीज वेगळे मानतो, पण उर्दूत दोन्हींना पनीरच म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मुलांना गंमत वाटते. इराणमध्ये नान, पनीर, अक्रोड आणि हिरवा पाला हा रोजच्या न्याहारीचा आणि रमजानमध्ये इफ्तारचाही भाग असतो. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहराचे पनीर प्रसिद्ध आहे. हल्ली आपल्याकडेही रमजानमध्ये मिळू लागलेला कुनाफा तिथे त्याच पनीरचा करतात, आणि तो गरमच खायचा असतो. तबूकच्या मोहिमेत पैगंबर (स.) यांच्यापुढे पनीर आणले गेले, तेव्हा त्यांनी सुरी मागवली आणि अल्लाहचे नाव घेऊन ते कापले, असे हदीसमध्ये आले आहे.

इथे भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो: बाजारातले चीज आपल्याला चालते का? चीज करताना दूध घट्ट बसवण्यासाठी रेनेट वापरतात. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. आता बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेटही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. आपल्या देशात पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल, तर आत प्राण्यांच्या शरीरातून काढलेले रेनेट नाही, असा त्याचा अर्थ. परदेशी पाकीट घेताना मात्र घटकांची यादी वाचावी. प्राणिज रेनेटबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, पण हिरवा ठिपका पाहून घेतलेल्या चीजमुळे त्या वादात पडावेच लागत नाही. आणि तोच ठिपका आपल्या शाकाहारी पाहुण्यांनाही निश्चिंत करतो. एका खुणेने दोन घरांची काळजी मिटते.

आता कृती. दहा-बारा माणसांना पुरेल असे प्रमाण देतो.

दीड लिटर म्हशीचे दूध उकळून गॅस बंद करावा. दोन-तीन मिनिटांनी दोन लिंबांचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा आणि हलक्या हाताने ढवळावे. पाणी हिरवट, स्वच्छ दिसले की लिंबू थांबवावे. मलमलच्या फडक्यात गाळून, वरून गार पाणी ओतून, अर्धा तास टांगून ठेवावे. साधारण 300 ग्रॅम पनीर मिळते. उरलेले पाणी फेकू नये. अम्मी त्यात कणीक भिजवतात, पोळ्या मऊ होतात.

हे पनीर परातीत घेऊन तळहाताने चांगले मळावे. त्यात अर्धी वाटी चक्का, किसलेले 100 ग्रॅम चीज, एक चमचा कॉर्नफ्लोअर, वाटलेला लसूण, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी. मीठ अगदी बेताने, कारण चीज खारट असते.

तिन्ही गोष्टी कशासाठी, असे कोणी विचारेल. लिंबाने नासवलेले पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, म्हणून ते अंग देते. पाकिटातले चीज वितळते, म्हणून ते सगळे एकत्र धरते. चक्का आंबटपणा आणि मऊपणा देतो, आणि कॉर्नफ्लोअरमुळे तो तापल्यावर फुटत नाही. नुसते चीज घेतले तर पदार्थ महागही पडतो आणि गार झाल्यावर चामड्यासारखा ओढला जातो.

जाड बुडाच्या पसरट भांड्याला आतून तूप लावून त्यात हा गोळा गोल, दोन बोटे जाड थापावा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. इथपर्यंतचे सगळे काम आदल्या रात्री करायचे आहे.

वरचा मसाला पाच मिनिटांचा. रमजान संपला की प्रत्येक घरात इफ्तारचे खजूर उरलेले असतात. त्यातले सात-आठ बिया काढून चिरावेत. मूठभर बेदाणे घ्यावेत. आम्हाला तासगाव जवळ असल्याने बेदाण्यांची कमी नाही. सात-आठ अक्रोड जाडसर कुटावेत. दोन चमचे तुपात चिमूटभर कलौंजी तडतडू द्यावी, मग अक्रोड, बेदाणे, खजूर आणि थोडी कुटलेली लाल मिरची घालून दोन मिनिटे परतावे. गॅस बंद करून लिंबाचे चार थेंब पिळावेत. हाही आदल्या रात्री करून ठेवता येतो.

पाहुणे आले की भांडे तव्यावर ठेवावे, झाकण लावावे आणि मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे तापू द्यावे. कडेने बुडबुडे आले आणि मध्यभागी बोट लावल्यावर मऊ लागले की झाले. भट्टी असलेल्यांनी भट्टीत ठेवावे, वरून सोनेरी रंग येतो. वर गरम केलेला मसाला पसरावा, कोथिंबीर भुरभुरावी आणि भांडे तसेच थाळीत ठेवून दस्तरख्वानावर आणावे. भोवती तव्यावर कुरकुरीत केलेले पावाचे काप, खारी आणि गाजर-काकडीचे तुकडे मांडावेत. मधुमेह असणाऱ्यांसाठी एका बाजूला खजूर-बेदाणे न घालता नुसते अक्रोड आणि कलौंजी टाकावी. थंडीच्या दिवसांत भांड्याखाली गरम पाण्याचे ताट ठेवले की शेवटच्या घासापर्यंत ते ऊबदार राहते. गोड, तिखट, आंबट, खारट, चारही चवी एका घासात येतात. ज्याला जितके हवे तितके तो पावावर घेतो. कोणाला वाढावे लागत नाही, आणि हाच या पदार्थाचा मोठा गुण.

पहिल्यांदा हा बेत सांगितला तेव्हा अम्मी नाराज झाल्या. "ईदच्या घरी आलेल्या माणसाला पनीर-पाव? लोक काय म्हणतील?" त्यांच्या मते पाहुण्याचा मान म्हणजे यजमानाचे कष्ट. कष्ट दिसले नाहीत तर मान कसा दिसणार? त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही. त्या 1979 साली या घरात सून म्हणून आल्या. तेव्हापासूनच्या प्रत्येक ईदला त्यांनी माणसे जेवू घातली आणि स्वतः सगळ्यांच्या मागून, उरलेले, उभ्याने खाल्ले. आम्ही इतकेच म्हणालो, "अम्मी, यंदा एक तास तुम्ही बाहेर बसा. पसंत पडले नाही तर पुढच्या ईदला पुन्हा तुमच्या पद्धतीने करू."

त्या बासी ईदला त्या दिवाणावर बसल्या. शेजारी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू होत्या. तीस वर्षांचा शेजार. संक्रांतीला तिळगूळ इकडे येतो, ईदला शिरखुर्मा तिकडे जातो. दोघी एकमेकींना दारात, गच्चीवर, नळावर भेटत आल्या, पण दोघींनी शेजारी बसून एक तास काढला, असे कधी झाले नव्हते. काकूंनी पावावर पनीर घेतले, "यात अंडे नाही ना?" असे मोकळेपणाने विचारले आणि "नाही" ऐकल्यावर दुसऱ्यांदा हात पुढे केला.

मग बोलता बोलता काकूंनी सांगितले की या घरी राहायला येण्याआधी त्यांचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला. अम्मी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी. चाळीस दिवसांची होती." हे आम्हा सुनांनाही ठाऊक नव्हते. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. खोलीत मुलांचा गोंगाट चालू होता, कोणाचे लक्ष नव्हते. आम्ही दोघी जावा दारातच थांबलो, आत गेलो नाही.

त्या संध्याकाळी अम्मींनी पदार्थाबद्दल बरे-वाईट काही म्हटले नाही. पण बकरी ईदच्या आधी त्यांनीच विचारले, "ते पनीर दुसऱ्या दिवशी करणार ना? मग दूध जास्त सांगायला हवे." आता लिंबू पिळण्याचे काम त्या स्वतःकडे ठेवतात. दूध नेमके कधी फाटते हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

भगिनींनो, बिर्याणी सोडा असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडेही पहिल्या दिवशी देग चढतेच. पण सणाच्या दोन दिवसांतला एक बेत असा ठेवा, की त्याचे काम चांदरातीला संपलेले असेल आणि पाहुणा दारात आला की घरातली सर्वांत थकलेली बाई त्याच्या शेजारी बसू शकेल. पाहुण्याचा मान राखणे ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घेणे हाही त्या मानाचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.

एक सूचना शेवटी. पनीर घरी करणे शक्य नसेल तर विकत घेताना पाकीट नीट वाचा. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेले, पनीरसारखे दिसणारे पदार्थही बाजारात असतात. आणि केलेला गोळा फ्रिजमध्येही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरख्वानात बरकत देवो, आणि त्याभोवती बसायला फुरसतही देवो. आमीन.