पलीकडच्या काठावरून

हायडलबर्गला दोन दिवसांसाठी निघालेल्या कुणालाही मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. राहा कुठेही, खा काहीही, पण संध्याकाळी नदी ओलांडून पलीकडे जा. समोरचा माणूस मान डोलावतो, आणि तिथे पोचल्यावर जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावर आइस्क्रीम चाटत संध्याकाळ घालवून येतो. परत आल्यावर म्हणतो, "छान आहे हो, पण इतकं काय त्याचं?" त्याने गाव पाहिलेलंच नसतं. तो फक्त गावात होता.

या गावाची ठेवणच तशी आहे. नेकर नदी ओडेनवाल्डच्या डोंगरांमधून वाट काढत येते आणि ऱ्हाइनच्या सपाट मैदानात उतरते. ती जिथे डोंगर सोडते, नेमकं तिथे हे गाव. दक्षिण काठाला डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यात जुनं हायडलबर्ग दाटीवाटीने बसलंय. हाउप्टश्ट्रासं हा मुख्य रस्ता या पट्टीतून दीडेक किलोमीटर सरळ जातो. तिथे दुकानं दिसतात, गर्दी दिसते. नदी दिसत नाही. एखाद्या बोळातून खाली उतरावं, तर पाण्याच्या आधी भरधाव मोटारींचा रस्ता आडवा येतो. जुन्या गावाने आपला नदीकाठ मोटारींना देऊन टाकलाय, आणि याबद्दल माझा त्याच्यावर कायमचा राग आहे.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर तर आपण चुकीच्या गावी उतरलो की काय असं वाटतं. रेल्वे स्टेशन १९५५ साली जुन्या गावापासून लांब नेलं, त्यामुळे स्वागताला काचेच्या इमारती आणि ट्रामचे रूळ. खट्टू होऊ नका. बिस्मार्कप्लाट्झपर्यंत ट्राम घ्या आणि तिथून चाला. चाकांची बॅग मात्र आधी हॉटेलवर टाका. गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, तिच्यावरून बॅग ओढत निघालात तर अख्ख्या आळीला कळतं की पाहुणे आले.

किल्ला बघायचाच. कोर्नमार्क्टहून फ्युनिक्युलर वर नेते. किल्ल्याच्या तिकिटात तिचं खालच्या टप्प्याचं भाडं आलेलं असतं. पाय चांगले असतील तर तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या चढून जा. वर तांबूस वालुकाश्माचा एक प्रचंड भग्न वाडा उभा आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला. सुरुंगाने फोडलेला एक बुरूज अर्धा जागेवर उभा आहे आणि अर्धा तसाच्या तसा खंदकात कलंडलाय. पुढे डागडुजी होऊन इथला राज्यकर्ता परत राहायला येणार, असा रंग दिसू लागला, तर १७६४ मध्ये वीज पडून जे उरलं होतं तेही जळालं. मग गावकऱ्यांनी तिथले दगड आपल्या घरांसाठी उचलायला सुरुवात केली. ही लूट थांबवायला पुढे आला तो एक फ्रेंच सरदार, शार्ल द ग्राँबेर. १८१० साली तो चित्रं काढायला इथे आला, गावचाच होऊन राहिला आणि वर्षानुवर्षं पदरमोड करून या भिंतींची राखण करत बसला. फ्रेंचांनी पाडलेला किल्ला एका फ्रेंचाने सांभाळला, हे हायडलबर्गचे लोकही जरा हसून सांगतात.

एकोणिसावं शतक संपताना किल्ल्यातल्या फ्रीडरिशच्या महालाची इमारत नव्यासारखी करण्यात आली. मग ओटहाइनरिशचा महालही तसाच पुन्हा बांधावा, अशी टूम निघाली. त्यावर जर्मनीभर वाद पेटला. कलेतिहासकार गेओर्ग डेहियो यांनी आग्रह धरला की जे आहे ते जपा, जे गेलं ते नव्याने रचू नका. त्यांची बाजू टिकली. म्हणून आज त्या महालाच्या दर्शनी भिंतीत शिल्पं जागच्या जागी आहेत आणि खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. दोन्ही इमारती एकाच चौकात आहेत. शेजारी शेजारी बघा आणि स्वतः ठरवा. मी डेहियोंच्या बाजूचा.

तळघरातलं अवाढव्य पिंप बघायला सगळेच जातात. १७५१ सालचं ते लाकडी पिंप सुमारे दोन लाख वीस हजार लिटरचं आहे. शेतकऱ्यांकडून करापोटी आलेली वाइन, आंबट-गोड, बरी-वाईट, सगळी त्यात एकत्र ओतायचे. ती प्यायची वेळ ज्यांच्यावर आली त्यांची मला दया येते. पिंपापाशी रेंगाळू नका. त्याच आवारात औषधांच्या दुकानाचं संग्रहालय आहे. जुन्या खलबत्त्यांमध्ये आणि बरण्यांमध्ये अर्धा तास कसा गेला कळत नाही, आणि ते तिकिटातच धरलेलं असतं.

आता खाली उतरा. बाजारचौकात हायलिगगाइस्ट चर्च लागेल. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या भांडणापायी त्याच्या आत १७०६ पासून १९३६ पर्यंत आडवी भिंत होती. एका देवाच्या घराच्या वाटण्या! ते डोळ्याखालून घाला आणि पुलाकडे वळा.

जुना पूल १७८८ साली पुरा झाला. त्याच्या आधीचा १७८४ च्या बर्फाच्या लोंढ्याने मोडून नेला होता. पुराच्या पाण्याच्या खुणा पुलापाशी कोरून ठेवल्यात. १७८४ ची खूण शोधा आणि तिच्यावरून मागच्या गल्ल्यांत कुठवर पाणी शिरलं असेल याचा अंदाज घ्या. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच पुलाच्या कमानी उडवल्या, दोनेक वर्षांत लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. पुलाच्या तोंडाशी आरसा धरलेलं ब्राँझचं माकड बसलंय. आरशाला हात लावला तर पैसा, बोटांना लावला तर परत येणं, शेजारच्या उंदरांना लावला तर पोरंबाळं. रांग मोठी असते आणि ती बहुतेक आरशासाठीच असते.

पूल ओलांडला की समोर श्लांगेनवेग नावाची नागमोडी, खडी पायवाट दोन भिंतींमधून वर जाते. धाप लागेल. थांबत थांबत चढा. वर फिलोझोफेनवेग आहे, विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची पूर्वापार फिरण्याची वाट. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन मुबलक, म्हणून जर्मनीत सहसा न दिसणारे अंजीर आणि बदाम इथे उघड्यावर वाढतात. आणि इथून पहिल्यांदा हायडलबर्ग दिसतं. पाणी, पूल, गच्च छपरं, मधून वर आलेला चर्चचा मनोरा, त्यावर किल्ला, आणि किल्ल्यामागे जंगलाने भरलेला क्योनिगश्टूल डोंगर. मावळतीचं ऊन तिरपं येऊन त्या तांबड्या दगडावर पडतं, तेव्हा सकाळी आपण ज्या भिंतीला हात लावून आलो तीच ही, हे पटत नाही. भिंतीच्या पायथ्याशी तिचा एकेक दगडच दिसत होता. लांब गेल्याशिवाय तिचा आकार कळायला मार्ग नव्हता.

खाली याच काठाला नॉयेनहाइम हा भाग आहे, आणि नदीलगत लांबलचक हिरवळ. तिथे मोटारी नाहीत. लोक चादरी अंथरून पडलेले, मुलांचे चेंडू, आणि खाण्यावर डोळा ठेवून फिरणारी निर्लज्ज बदकं. दुकानातून पाव-चीज घेऊन इथेच जेवा. १९०७ साली कवी इक्बाल जर्मन शिकायला इथे राहिले, नेकरकाठच्या संध्याकाळवर त्यांनी कविता लिहिली, आणि आज नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

मराठी माणसाने इथे आणखी एक नाव आठवावं: गुंथर सोंथायमर. विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. त्याची दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये निघाली. तिथे शिकवणारे हे प्राध्यापक महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, ओव्या ऐकल्या, आणि १९७६ साली बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे जेजुरीच्या जत्रेवर चित्रपटही केला. संस्था त्या काळी नेकरच्या याच उत्तर काठाला होती. आपण ज्या देवांच्या पायऱ्या भंडारा उधळत चढतो, त्यांचा रानातून गावात झालेला प्रवास या माणसाने इतक्या लांबून जुळवला. त्यांचं पुस्तक वाचून जेजुरीला गेलात तर गड वेगळा दिसतो, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

रविवार धरून जात असाल तर शनिवारीच दूध-पाव घेऊन ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे. घेतलंत तर बाटली फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंटची अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. सायकलींच्या वाटेवर उभं राहून फोटो काढाल तर घंटी ऐकाल, आणि मग काहीतरी जर्मनही ऐकाल.

दुसरा दिवस अर्धा उरला तर उन्हाळ्यात नेकरश्टाइनाखची बोट पकडा. या नदीला मानहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत सत्तावीस ठिकाणी बांध घालून जलपाश केलेत, म्हणून तिचं पाणी इतकं संथ. बोट बंदिस्त कुंडात शिरते, दार लागतं, खालून पाणी भरतं आणि अख्खी बोट माणसांसकट वर उचलली जाते. पोरंटोरं खूश होतात, मोठेही कॉफी टाकून कठड्याशी येतात. नेकरश्टाइनाखला चार किल्ले आहेत, त्यांतला एखादा चढून या. परत येताना बोटीची वाट बघू नका. लोकल गाडी थोड्या वेळात आणून सोडते, आणि आल्टश्टाट नावाच्या स्टेशनला उतरलात तर जुना पूल चालत गाठता येतो.