सोय नाही

परवा माझ्या धाकट्या भावाच्या नातीचा पुण्याहून फोन आला. बारावीला आहे आणि एनडीएच्या परीक्षेची तयारी करते आहे. "आत्याआजी, गुडघे कसे आहेत?" वगैरे नेहमीचं झाल्यावर हळूच म्हणाली, "मला ना नौदलात जायचंय आणि तिथे पाणबुडीवर. पण सगळे म्हणतात, पाणबुडीवर मुलींना घेत नाहीत, तिथे सोय नाही. तू मढला राहतेस, तुझ्या शेजारीच नेव्ही आहे. तू सांग ना, खरंच सोय नाही का?"

आता मढला राहण्याचा आणि पाणबुडीतलं कळण्याचा काय संबंध? मालाडहून २७१ नंबरच्या बसने येताना मार्व्याला आयएनएस हमला लागतं, तेवढीच माझी नौदलाशी ओळख. पण पोरगी विश्वासाने विचारते आहे म्हटल्यावर चार ठिकाणी वाचलं. आणि 'सोय नाही' हे दोन शब्द त्या दिवसापासून डोक्यातून जाईनात. त्याचं कारण वेगळंच आहे, ते शेवटी सांगते.

पाणबुडी मी एकदाच आतून पाहिली आहे. यांना घेऊन विशाखापट्टणमला गेले होते, तेव्हा तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' पाहिली. १९६९ मध्ये नौदलात आलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकातून वाकून, पाय आधी टाकून जायचं. सत्तर-पंचाहत्तर माणसं त्यात राहायची. पाणतीरांच्या शेजारी झोपायच्या फळ्या! हे म्हणाले, "आपल्या चाळीत यापेक्षा ऐसपैस होतं गं." आणि हे म्हणजे गिरगावच्या चाळीत नऊ जणांत वाढलेले.

हल्लीच्या पाणबुड्या आपल्या मुंबईतच, माझगाव गोदीत बांधल्या जातात. पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये. मधली एक 'खांदेरी', महाराजांच्या जलदुर्गाच्या नावाची. कलवरीची लांबी साधारण साडेसदुसष्ट मीटर, म्हणजे लोकलचे तीन-सव्वातीन डबे. त्यातली बरीचशी जागा इंजिनं, बॅटऱ्या आणि पाणतीर यांनी खाल्लेली. उरलेल्या जागेत त्रेचाळीसच्या आसपास माणसं काही आठवडे राहणार. खिडकी नाही, पाणी मोजून वापरायचं. विरारच्या लोकलमध्ये तासभर उभं राहून ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी विचार करून पाहावा.

तेव्हा जागेची अडचण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती किती खरी आहे आणि किती आपण खरी मानून घेतली आहे, हे बघायला हवं.

आपल्या नौदलाने स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात केली १९९२ मध्ये. (त्याच वर्षी मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली होती, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहतं!) तेव्हा त्यांना शिक्षण, पुरवठा, कायदा अशा शाखाच खुल्या होत्या. कायमची नेमणूक मिळावी म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं आणि १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यात सरकारतर्फे पुढे आलेलं एक कारण वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काही रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांसाठी स्नानगृहं नाहीत, हे ते कारण! न्यायालयाने ते मानलं नाही. पुढे काय झालं? स्त्री अधिकारी युद्धनौकांवर गेल्या. २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी या मुंबईच्या मराठी मुलीकडे आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची सूत्रं आली, अशी सूत्रं हाती घेणारी ती नौदलातली पहिली स्त्री. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून एनडीएच्या मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, बाहेर पडली. सोय नाही, सोय नाही म्हणता म्हणता सोय झाली. पाणबुडीचं दार मात्र मी हे लिहिते आहे तेव्हा बंदच आहे.

जगात तसं नाही. नॉर्वेने १९८५ मध्येच पाणबुडीवर स्त्रियांना घेतलं आणि १९९५ मध्ये सोल्वाइग क्रे ही बाई एका पाणबुडीची प्रमुखही झाली. पाठोपाठ स्वीडन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. अमेरिकेने २०१० मध्ये बंदी उठवली. इंग्लंडमध्ये पाणबुडीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकांना बाधेल अशी भीती होती. अभ्यासाअंती ठरलं की धोका पोटातल्या गर्भाला असू शकतो, एरवी अडचण नाही. मग २०११ मध्ये त्यांनीही दार उघडलं.

आता मुद्द्याचं. एवढ्याशा जागेत वाटणी करायची कशी? इथे मला आमची शाळा आठवली.

१९७४ साली मी उपनगरातल्या एका मराठी शाळेत लागले. शिक्षक चौदा, त्यात आम्ही तिघी. शिक्षकांसाठी संडास एक. आम्ही तिघींनी काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडलेलाच नव्हता. शेजारच्या घरातल्या एक काकू भल्या होत्या, मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. रोज रोज जायची लाज वाटायची म्हणून पाणीच प्यायचो नाही. त्यातल्या एकीला पुढे मूत्रमार्गाचं दुखणं लागलं, ते आयुष्यभर राहिलं. वर्षभराने आमच्या चित्रकलेच्या सरांनी एक पुठ्ठा कापला. एका बाजूला लिहिलं 'शिक्षक', दुसऱ्या बाजूला 'शिक्षिका', सुतळी ओवली आणि दाराला टांगला. आतून एक कडी बसवली. जो आत जाईल त्याने पाटी फिरवायची. झाली सोय! पहिले आठ दिवस एक ज्येष्ठ सर कुरकुरले, "आता आम्ही पाट्या वाचत हिंडायचं का?" मग त्यांनाही सवय झाली. पुढे नवी इमारत झाली तेव्हाच ती पाटी उतरली.

हसू नका, पण अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवर स्त्री अधिकारी गेल्या तेव्हा त्यांनीही अगदी हेच केलं. अधिकाऱ्यांचं स्नानगृह एकच होतं, त्याच्या दारावर फिरवायची पाटी लावली. आत बाई आहे की पुरुष, हे त्यावरून कळावं. झोपायला तिघींना मिळून एक खोली. हे वाचून मला आमच्या चित्रकलेच्या सरांचा फार अभिमान वाटला. त्यांनी हा शोध पस्तीस वर्षं आधी लावला होता!

या पाटीत माझ्या मते न्यायाची एक साधी गोष्ट आहे. समजा पाणबुडीत दोन स्वच्छतागृहं आहेत आणि त्रेचाळीस जणांत चौघी स्त्रिया. एक कायमचं चौघींना दिलं तर उरलेले एकोणचाळीस दुसऱ्यापुढे रांगेत. हा न्याय नव्हे, आणि त्या रांगेतला राग शेवटी त्या चौघींवरच निघणार. झोपण्याचंही तसंच. बायकांसाठी सहा बिछान्यांची खोली राखून ठेवली, तर सातवी कितीही हुशार असली तरी तिला 'जागा नाही'. आणि पाचच आल्या तर एक बिछाना रिकामा. म्हणजे बायकांची सोय म्हणून घातलेली भिंतच त्यांची संख्या ठरवू लागते. म्हणून वाटणी जागेची करण्यापेक्षा वेळेची करावी, आड पडदा आणि दाराला कडी सगळ्यांनाच असावी. पुरुषांनाही लाज असते हो, त्यांना कोणी विचारत नाही इतकंच.

नवी पाणबुडी बांधताना तर हे सगळं आधीच करता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नौदलात आलेली 'न्यू जर्सी' ही स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून मुळापासून आखलेली त्यांची पहिली हल्लेखोर पाणबुडी. त्यात दारं आणि स्वच्छतागृहं तर वाढवलीच, शिवाय डोक्यावरचे काही व्हॉल्व्ह खाली आणले, फिरवायला हलके केले, वरच्या बिछान्यापर्यंत चढायला पायऱ्या केल्या. आता सांगा, हलक्या हाताने फिरणारा व्हॉल्व्ह बुटक्या पुरुषाला नको का? आपल्याकडे आणखी सहा पाणबुड्या माझगाव गोदीत बांधायचं घाटतं आहे. दार कुठे असावं हे कागदावर असतानाच ठरवलं तर रेघ ओढायचं काम आहे. पोलाद कापून झाल्यावर मात्र तीच रेघ फार महाग पडते.

पण नुसत्या दाराने भागत नाही, हेही सांगायला हवं. 'वायोमिंग' नावाच्या अमेरिकन पाणबुडीवर काही नौसैनिकांनी स्त्री अधिकाऱ्यांचं न्हाणीघरातलं चोरून चित्रण केल्याचं २०१४ मध्ये उघडकीला आलं. पाटी होती, दार होतं, कडी होती. भरवसा नव्हता. दोषींना शिक्षा झाल्या, पण त्या मुलींना ज्यांच्या भरवशावर समुद्राच्या पोटात जायचं, तेच असे निघाले. कोणी म्हणेल, म्हणूनच मुलींना पाठवू नये. मी बत्तीस वर्षं शाळेत काढली आहेत. वर्गात पोरं मुलींची वेणी ओढायची म्हणून मुलींना घरी बसवलं नाही, पोरांना उभं केलं. पाणबुडीचा नियम याहून निराळा कशाला हवा?

आता ते शेवटी सांगायचं राहिलेलं.

१९८७ ची गोष्ट. तेव्हा मी मालाडकडच्या एका शाळेत होते. एका संस्थेचं पत्र आलं, होड्या वल्हवायला आणि शिडं हाताळायला शिकवणारं तीन दिवसांचं शिबिर आहे, सहा विद्यार्थी पाठवा. नावं काढायचं काम माझ्याकडे. मी सहा मुलगे निवडले. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. मढच्या कोळीवाड्यातली, सहाही मुलांपेक्षा चांगली पोहणारी. म्हणाली, "बाई, माझं नाव घाला ना. बा मला बोटीवर नेत नाही." आमच्या कोळीवाड्यात समुद्रावर पुरुषांनी जायचं आणि आलेली मासळी बाजारात बायकांनी न्यायची, अशी वाटणी. तिला एकदा तरी पलीकडची बाजू बघायची होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हटलं, "अगं, तिथे मुलींची सोय नाही."

ती काही न बोलता गेली.

गेल्या महिन्यात वर्सोव्याहून फेरीबोटीने परत येताना ती भेटली. पन्नाशी उलटली आहे. हॉटेलांना मासळी पुरवते, दोन बोटी तिच्या नावावर आहेत. "पण बाई, दर्यावर काही मी कधी गेली नाय," म्हणून हसली. बोटीत एनसीसीच्या पांढऱ्या गणवेशातल्या चार मुली होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "यांचं बरं आहे. आमच्या वेळेला सोय नव्हती ना बाई. तुम्ही तरी काय करणार!"

तिने मला केव्हाच माफ करून टाकलं होतं, आणि तेच मला सोसवेना. कारण सोय नाही असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. पत्रात 'विद्यार्थी' एवढंच होतं. मुलगे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. मी संस्थेला विचारलं नाही, मुख्याध्यापकांना विचारलं नाही. एक पोस्टकार्ड टाकायला काय लागत होतं? पाण्याच्या घोटाला घाबरत नोकरीचं पहिलं वर्ष काढलेली मी, पाटीने सोय होते हे डोळ्यांनी पाहिलेली मी, पण त्या मुलीच्या वेळी ते दोन शब्द माझ्याच तोंडून किती सहज निघाले. मढची जेट्टी येईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. खरं काय ते सांगितलं नाही.

भावाच्या नातीला मी काल फोन केला. म्हटलं, "बाळ, आज तरी पाणबुडीवर मुली नाहीत हे खरं आहे. पुढचं मला माहीत नाही. पण कोणी 'सोय नाही' म्हणालं की नुसतं ऐकून परत येऊ नकोस. कोणाला विचारून सांगताय, एवढं विचार." ती म्हणाली, "आत्याआजी, तू किती भारी आहेस!" मी काही बोलले नाही.

तुमच्यापैकी कोणी असं कोणाला कधी सांगितलं असेल, न विचारताच, तर जरूर लिहा. मला थोडी सोबत होईल.

असो. ती बुधवारी संध्याकाळी पाचच्या बोटीला असते, असं म्हणाली होती. या बुधवारी काम नसतानाही मी वर्सोव्याला जाणार आहे.