कुंभाराच्या साच्यातले मावळे

इचलकरंजीत सत्तरच्या दशकात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारा, तुमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या तोफा कशाच्या होत्या? कांड्यांच्या, असंच उत्तर येईल. मागावर बाण्याचं सूत ज्या लाकडी कांडीवर भरतात ती एका टोकाला जाड, पुढं निमुळती होत गेलेली आणि आतून पोकळ. तिला चीर गेली की ती मागाला निकामी आणि आमच्या कामाची. स्टोव्हच्या काजळीनं काळी करून दोन बटणांची चाकं लावली की तोफ बुरुजावर चढायची. बुरूज म्हणजे सुताचे पुठ्ठ्याचे कोन, मातीत रोवून वरून चिखल थापलेले. सिंधुदुर्ग करायचा ठरला त्या वर्षी जुना धोटाच पाण्यात सोडला होता. दोन्ही टोकांना लोखंडी टोच, मधे कांडी बसायची खाच, त्या खाचेत दोन मावळे. धोट्याचं लाकूड भलतं जड. गलबत परातीतल्या पाण्यात सरळ तळाला गेलं, मावळ्यांचे रंग विरघळले आणि एकाचं तोंडच गेलं. आरमार त्या वर्षापुरतं रद्द झालं.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. त्या मँचेस्टरच्या गावभागात आमचं घर. पुढं सोपा, मागं मागांची शेड, मधे चौक, आणि त्या चौकात किल्ला. तीन भावांची मिळून आम्ही नऊ-दहा पोरं. बोनस वाटून झाला की माग बंद व्हायचे आणि मग घरात न ओरडता बोललेलं ऐकू यायचं. ओरडायची सवय मात्र चार दिवसांत जायची नाही. त्यामुळं किल्ल्यावरची आमची भांडणं अख्ख्या गल्लीला ऐकू जात.

माती पंचगंगेकाठची आणायची की मळ्यातली, गुहेत वाघ ठेवायचा की सिंह, अळीव कुणी पेरायचे, कशावरूनही जुंपायची. किल्ला कुठला यावरून तर हातघाई. काळ कुठला, यावरून मात्र कधीच नाही. प्रतापगड असो, पन्हाळा असो की कुठलाही गड नसलेला नुसता ढिगारा असो, काळ शिवाजी महाराजांचाच. दुसरा काळ असू शकतो हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

बाहेरच्या जगात खेळण्यातले सैनिक जमवणारी मोठी माणसं आहेत आणि ती आपापला काळ निवडून घेतात, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं १८९३ पासून आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला घेतले. ते हलके आणि स्वस्त, म्हणून घरोघरी गेले. त्या मंडळींत नेपोलियनच्या काळाचं वेड फार. त्याचं कारण बरंचसं शिंप्याकडं जातं. लाल डगले, निळे डगले, छातीवर पांढरे पट्टे, टोप्यांवर तुरे. दर पलटणीचा पोशाख वेगळा, म्हणजे संग्रह कधी पुरा व्हायचाच नाही. विल्यम सायबॉर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८३०च्या दशकात वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती केली, तिच्यावर सत्तर हजारांच्या वर सैनिक उभे आहेत. लंडनच्या लष्करी संग्रहालयात ती आजही बघायला मिळते. अमेरिकेतला माणूस बहुतेक वेळा त्यांच्या यादवी युद्धाकडं वळतो, कारण कुणाचा तरी खापरपणजोबा त्यात लढलेला असतो. पुढं सगळ्याच फौजा खाकी झाल्या आणि रंगवणाऱ्याची निम्मी हौस संपली. मला याच्या मुळाशी आणखी एक साधी गोष्ट दिसते. ओतणारा जे ओततो तेच पोरगं मागतं, आणि पन्नाशीला आल्यावर त्याला वाटतं, हा काळ मी निवडला.

आमचे ओतणारे म्हणजे कुंभारगल्लीतले एक आबा. अनंत चतुर्दशी झाली की गणपतीचे साचे माळ्यावर जायचे आणि मावळ्यांचे खाली यायचे. साचा दोन अर्धुकांचा. दोन्हींत माती दाबायची, एकमेकांवर बसवायची, थोडी सुकली की सोडवायची आणि जोडाची रेघ ओल्या बोटानं पुसायची. ती रेघ पुरती कधी जायचीच नाही. आमच्या प्रत्येक मावळ्याला कानामागून खांद्यावर आणि तिथून पायापर्यंत ती असायचीच, दोन्ही बाजूंनी. रंग वाळायच्या आत टोपलीत भरल्यामुळं एकाच्या मुंडाशाचा तांबडा दुसऱ्याच्या गालाला लागलेला. आबांकडं साचे मोजकेच. सिंहासनावरचे महाराज, घोड्यावरचे महाराज, भालेवाला, ढाल-तलवारवाला, तुतारीवाला. शिवाय गवळण, जात्यावरची बाई, कुस्तीची जोड आणि वाघ. एवढ्यात आमचं सतरावं शतक उरकायचं.

त्या मावळ्याचा पोशाख तरी कुठून आला? शिवकाळातल्या पायदळाला एकसारखा गणवेश नव्हता. ज्याच्या घरी जे होतं ते अंगावर. आबांच्या मावळ्याचं मुंडासं, शेला, चोळणा हे सगळं चित्रांतून आणि सिनेमातून उतरलेलं. आणि ती चित्रं, तो सिनेमा आमच्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात घडलेला. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’. महाराजांचं जे चित्र राज्य सरकारनं अधिकृत मानलं ते जी. कांबळे यांचं, तेही कोल्हापूरचेच. त्यात चौथीचं इतिहासाचं पुस्तक. आमचा मावळा मावळातून आलाच नव्हता, कोल्हापुरातून एसटीनं आला होता.

आबांच्या दुकानात एक गोष्ट मात्र मिळायची नाही, ती म्हणजे शत्रू. लंडनच्या दुकानात इंग्रजांबरोबर फ्रेंचही मिळायचे. लढाई मांडायची तर दोन्ही बाजू विकायलाच हव्यात. इथं अफझलखानाच्या भेटीची जोड सोडली, तर समोरच्या बाजूचा एक माणूस नाही. मोगल कोण विकत घेणार, असं आबाच विचारायचे आणि ते खरंच होतं. म्हणून आपल्या किल्ल्यांवर लढाई अशी कधी नसते. महाराज सिंहासनावर, पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना पहारा, खाली बाजार, विहीर, गवळण. सगळं कसं आबादीआबाद. राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ असावी तसं.

आमच्या आक्कानं हे मोडायचं ठरवलं. ती शाळेच्या सहलीतून पन्हाळा बघून आली होती. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी हे सगळं वहीत काढून आणलेलं. तिला १६६०चा वेढा मांडायचा होता. मार्च ते जुलै सिद्दी जौहर खाली बसलेला, राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा-दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आलेला, आणि १३ जुलैच्या रात्री पावसात पालख्या निघालेल्या. बेत झकास. पण सिद्दीचं सैन्य कुठून आणायचं? आक्का म्हणाली, आपलेच मावळे कपड्याच्या निळीत बुडवू. झालं. आपला मावळा नीळ लावायला द्यायला कुणी तयार होईना. धाकटा तर दोन मावळे चड्डीच्या खिशात घालून संडासात जाऊन बसला. शेवटी तोडगा निघाला: मोडकी सगळी सिद्दीकडं. त्यामुळं वेढा घालून बसलेली फौज थोटी, लंगडी, एक जण बिनतोंडाचा, तो गलबतातला. रेव्हिंग्टन म्हणून जत्रेत घेतलेला हिरवा प्लास्टिकचा रायफलवाला शिपाई उभा राहिला. १९७१च्या युद्धानंतर ते शिपाई घरात आले होते आणि तोवर त्यांना किल्ल्याखालच्या रस्त्यावर, मोटारींच्या रांगेत उभं करायचो. साहेब म्हणून तो चांगला शोभला. बघायला आलेल्या शेजारच्या काकूंनी मात्र विचारलंच, “हे निळे कोण गं? पोलीस?”

पण खरा गोंधळ झाला तो संताजीच्या वर्षी.

थोरला दादा तेव्हा मॅट्रिकला. आपटे वाचन मंदिरातून पुस्तकं आणून वाचायचा आणि आम्हाला तुच्छ लेखायचा. त्यानं जाहीर केलं, आपण इचलकरंजीकर, आपण आपला इतिहास मांडायचा. म्हणजे काय, तर इचलकरंजीची जहागीर ज्यानं उभी केली तो नारो महादेव जोशी हा संताजी घोरपड्यांच्या पदरचा माणूस. धन्यावरच्या निष्ठेपोटी त्यानं धन्याचंच आडनाव लावलं, म्हणून आपले जहागीरदार घोरपडे. त्याच्या मुलाला पेशव्यांनी, बाळाजी विश्वनाथांनी, आपली मुलगी अनुबाई दिली. म्हणजे थोरल्या बाजीरावाची बहीण आपल्या गावची सून. हे सोडून दरवर्षी प्रतापगड कशाला? राजवाड्यावरून रोज शाळेला जाणाऱ्या आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आम्ही गप्प बसलो.

मग मांडणी ठरली. १६८९ साली संताजीनं औरंगजेबाच्या छावणीत शिरून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले असं सांगतात, तो प्रसंग. तंबूला कापडाची कमतरता आमच्या घरात असायचं कारणच नव्हतं. पॉपलिनचा चांगला मीटरभर तुकडा मिळाला. कळस चॉकलेटच्या चांदीचे, हळदीच्या पाण्यात बुडवून सोनेरी करायचा प्रयत्न केलेले. संताजी म्हणून घोड्यावरचे महाराजच घ्यावे लागले, कारण दुसरा घोडेस्वार आबांकडं नव्हताच. दादानं त्यांचा जिरेटोप कानशीनं घासून घासून साधं पागोटं केलं. आजीनं ते पाहिलं आणि ती दिवसभर दादाशी बोलली नाही.

पाडव्याला लोक किल्ले बघत फिरायचे. आमच्या चौकात येऊन प्रत्येक जण तंबू बघायचा, कळस बघायचा, दादाचं भाषण ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, “ते सगळं खरं, पण महाराज कुठायत?” दादानं पहिल्या चौघांना समजावलं, की बाबांनो, महाराज १६८० सालीच गेले. पाचव्याला उत्तर न देता तो शेडमध्ये जाऊन बसला. संध्याकाळी येऊन बघतो तर औरंगजेबाच्या तंबूच्या डोक्यावर, सगळ्यांत उंच ठिकाणी, सिंहासनावरचे महाराज बसवलेले. पुढं पणती, हळदकुंकू. आजीला कुणी विचारायची हिंमत केली नाही.

दादा अजूनही म्हणतो, लोकांना इतिहास नको, देव्हारा हवा. मला ते अर्धंच पटतं. आमच्यासारख्या घरातल्या पोरांना संताजीच्या वर्षी करमलं नाही, त्याचं कारण वेगळं होतं. त्या तंबूच्या गोष्टीत मोजकी नावाजलेली माणसं होती. पेशवाईत शिरलं तर सगळे सरदार, वाडे, पालख्या, जहागिरी. तिथं कांड्या भरणाऱ्याच्या पोरानं कुणाच्या जागी उभं राहायचं? मावळ्याला नाव नसतं. तो कुणाचाही कुणीही असू शकतो. आमच्या प्रत्येकाचा मावळा ठरलेला होता, त्याला आम्ही आपापलं नाव दिलेलं होतं आणि त्याची जागा पहाऱ्यावर कुठं यासाठी रक्त निघेपर्यंत भांडलो होतो. महाराज सगळ्यांचे, मावळा ज्याचा त्याचा.

आणखीही एक आहे. पानिपत कुणी मांडत नाही. ब्रिटनच्या डब्यांचे शौकीन नेपोलियनची फौज हौसेनं जमवतात, वॉटर्लूला तो हरला हे माहीत असून. हरलेल्यांचे डगलेही सुंदर होते, एवढं त्यांना पुरतं. आपल्याकडं बाजीप्रभू पडले तरी चालतात, कारण पलीकडं विशाळगडावरून तोफांचे आवाज येणार असतात. १७६१च्या पलीकडं कुठलाच आवाज नाही. दिवाळीच्या दिवसांत अंगणात ते कोण मांडणार?

बहिणींचा संग्रह वेगळाच चालायचा, हे आम्हा मुलांच्या लक्षातही आलं नाही. त्या युद्धाबिद्धाच्या नादी न लागता गवळणी, जातंवाली, पाणी शेंदणारी असल्या बाया जमवत गेल्या. मावळे दरवर्षी फुटायचे, बाया टिकल्या. मागच्या वर्षी घर विकायच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा गवळणी पुरत्या सव्वीस निघाल्या आणि मावळे बारा. सतराव्या शतकात एवढं दूध लागत असेल तर सैन्य खाऊनपिऊन सुखी असणार, असं धाकटा म्हणाला.

आता साच्यांना तोटा नाही. फायबरचे मावळे, हशम, मोगल, सिद्दी, हबशी असं सगळं मिळतं, बारीक नक्षीसकट आणि जोडाच्या रेघेशिवाय. ‘छावा’ आला त्या वर्षीच्या दिवाळीत पोरांना संभाजी महाराज हवे होते. त्याच वर्षी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत आमचा पन्हाळा आहे आणि थेट तमिळ मुलखातला जिंजीही. धाकट्याच्या नातवानं तेच धरलं. त्याला जिंजी करायचाय. राजाराम महाराज आत, बाहेर मोगलांचा आठ वर्षांचा वेढा, आणि त्या वेढ्याला बाहेरून झोडपणारा संताजी. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे तो कबूल करणार नाही.

पोरानं चाळीस मोगल मागवले. मावळे तुमचेच वापरतो म्हणाला, जुने आहेत म्हणून. ट्रंकेतले बारा बाहेर काढले, तर त्यातल्या पाचांची नीळ अजून गेलेली नाही. आक्का म्हणते, ते सिद्दीचे आहेत, मोगलांत उभे करा. दादा म्हणतो, मुळात मावळेच ना ते, निळीनं काय होतंय. धाकट्यानं त्यातला एक ओळखला, दोन दातांनी चावलेल्या भाल्यावरून. तो त्याचा स्वतःचा निघाला, आणि तो कुठल्याच बाजूला द्यायला तो तयार नाही.