आधी पंखा, मग दिवा

मऊ प्रवाळांची टाकी लावायची ठरली की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न दिव्याचा असतो. कोणता एलईडी घेऊ, किती वॉटचा? मी आधी विचारतो, टाकी कोणत्या खोलीत ठेवणार आणि मे महिन्यात ती खोली किती तापते? यवतमाळचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत चढतो आणि प्रवाळांना पाणी हवं 25-26 अंशांचं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बरंचसं अन्न याच शैवालाकडून येतं. ते गेलं की दिवा कितीही भारी असो, काय कामाचा?

इथे आपली विदर्भाची कोरडी हवा मदतीला येते. ज्या कारणाने कूलर मुंबईत निकामी ठरतो आणि यवतमाळात खोली गार करतो, त्याच कारणाने पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा एक लहान पंखा टाकीचं तापमान काही अंशांनी उतरवतो. पाणी गार करणाऱ्या चिलरचा खर्च आणि त्याने खोलीत ओतलेली उष्णता, दोन्ही वाचतात. मात्र वाफ होऊन जातं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. 30 लिटरच्या टाकीतलं एक लिटर उडालं, तर क्षारता हजारी 35 वरून 36.2 होते, 80 लिटरमध्ये ती जेमतेम 35.4 वर जाते. म्हणून अगदी चिमुकली टाकी मी कुणालाच सुचवत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं, खारं कधीच नाही.

मोठी टाकीही इथे मनाला पटत नाही. निळोणा आणि चापडोह धरणं आटली की शहराची काय दशा होते, हे 2018 च्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी पाहिलं. नळाचं किंवा बोअरचं पाणी या कामाला थेट चालत नाही. ते आरओमधून काढून त्यात सागरी मीठ मिसळावं लागतं, आणि आरओ बरंच पाणी बाहेर टाकतो. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरावं. हा सगळा हिशेब करून मी 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि फक्त 35 उंच टाकीवर थांबलो. आत दगड मांडल्यावर पाणी 80 लिटरच्या आसपास राहतं. उंची कमी असल्यामुळे पाण्याचा उघडा पृष्ठभाग मोठा मिळतो, हवा चांगली मिसळते, आणि प्रकाश तळापर्यंत पोचवायला दिवा लहान पुरतो.

आता दिवा. वॉट म्हणजे त्याने खाल्लेली वीज. प्रवाळाच्या वाट्याला काय आलं, ते त्यातून कळत नाही. विचारायचा आकडा पारचा (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचा. मशरूम प्रवाळाला 50 च्या आसपास पुरतो, लेदर कोरलला 100 ते 150. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोल जातो. म्हणून 450 नॅनोमीटरच्या जवळपासचा निळा आणि पांढरा, दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येतील असाच दिवा घ्यावा. निळ्याखाली प्रवाळातली प्रथिनं हिरवी, नारिंगी चमकतात. ती झळाळी मला अजून खुर्चीतून उठू देत नाही. पण विकत घेताना पांढरा दिवा लावायला सांगा, म्हणजे प्रवाळाच्या तुकड्याची तब्येत दिसेल. नवा तुकडा तळाशी, मंद प्रकाशात ठेवावा. मशरूम देठ ताणून वर येऊ लागला तर उजेड कमी पडतोय, आक्रसून फिका झाला तर जास्त होतोय.

तुकडा दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेलाच घ्यावा. दगडी सांगाड्याची प्रवाळं आणि समुद्रपंखे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावायचा नाही, त्यांचे मेलेले दगडही नकोत. त्यांच्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिक मांडावं, त्यावर मशरूम आणि झेनिया ही मऊ प्रवाळं छान पसरतात. झोआंथिड हे प्रवाळांचे नातलग कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते फार जहाल विष आहे. झोआंथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नये, वाफेतूनही बाधा होते.

उन्हाळ्यात मी दिव्याचे आठ तास संध्याकाळी पाचपासून रात्री एकपर्यंत ठेवतो. दुपारच्या तापात दिव्याची भर पडत नाही, आणि रंग बघायला माणसं घरी असतात. लाइन गेली तर दिवा बंद राहिला तरी चालतो. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि पाणी फिरवणारा पंप जोडलेला असतो.